लॉबीत लागलेला चकवा : लॉस एंजेलिसच्या बोनाव्हेंचर हॉटेलचं प्रकरण

रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि फिरून पुन्हा त्याच झाडापाशी येतो. जुनी माणसं सांगायची, अशा वेळी चालू नये, गुपचूप खाली बसावं आणि उजाडायची वाट पाहावी. बोनाव्हेंचर हॉटेलच्या लॉबीत हा उपाय चालायचा नाही, कारण तिथे उजेडाला तोटा कधीच नव्हता. वर काचेचं छत, खाली पाणी, मधून वर-खाली करणाऱ्या काचेच्या लिफ्ट. सगळं कसं लख्ख दिसतं. तरीही माणसं हरवायची, आणि तीही चार शहरं हिंडलेली, हॉटेलांची सवय असलेली.

लॉबीबद्दल लिहायला घेतलं की बहुतेक लिखाण सोफे, झुंबरं आणि काउंटरमागच्या दगडापाशी घोटाळत राहतं. हे प्रकरण मी निवडलं ते नेमक्या उलट कारणासाठी. इथे वातावरण उत्तम जमलं आणि मांडणी फसली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून झाल्या आणि दोन्हींचा उगम एकाच कल्पनेत आहे. म्हणून चूक शोधायला फार खणावं लागतं.

इमारत आणि तिचा कर्ता

बोनाव्हेंचर लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमध्ये, फिगरोआ आणि फ्लॉवर या दोन रस्त्यांच्या मध्ये उभं आहे. बांधकाम १९७४ ते १९७६ या काळातलं. बाहेरून दिसतात ते आरशासारख्या काचेने मढवलेले पाच गोल मनोरे. मधला तीसहून जास्त मजल्यांचा, सुमारे ११२ मीटर उंच. त्याच्या चहूबाजूंना चार मनोरे, जरा ठेंगणे आणि एकमेकांच्या हुबेहूब प्रती. खोल्या साडेतेराशेच्या आसपास. हे मनोरे काँक्रीटच्या एका भल्यामोठ्या चौथऱ्यावर उभे आहेत आणि त्या चौथऱ्याच्या पोटात सहा मजले उंचीची लॉबी आहे. आपलं प्रकरण घडतं ते या पोटात.

वास्तुरचनाकार जॉन पोर्टमन (१९२४–२०१७). मूळचा कारभार अटलांटाचा. नुसतं नकाशे काढून देणारा हा माणूस नव्हता. जमीन जमवायची, पैसा उभा करायचा, इमारत बांधायची आणि तिच्यात मालक म्हणून भागही ठेवायचा, अशी त्याची पद्धत होती. वास्तुरचनाकाराने बिल्डर व्हावं हे त्या काळात त्या व्यवसायात शिष्टसंमत नव्हतं. पोर्टमनने त्याची फिकीर केली नाही. लॉबीचा प्रत्येक चौरस फूट आपल्याच खिशातून जातो आहे हे ठाऊक असूनही त्याने लॉबीवर जागा उधळली. एरवी हॉटेलवाले जिथे खोल्या कोंबतात तिथे त्याने हवा ठेवली.

या उधळपट्टीला पहिलं यश मिळालं ते १९६७ साली, अटलांटाच्या हयात रीजन्सी हॉटेलात. २२ मजले उंच मोकळा चौक, त्याच्या कडेने प्रत्येक मजल्यावर सज्जे आणि सज्ज्यांवर खोल्यांची दारं. लिफ्ट भिंतीआड न लपवता चौकात उघड्यावर आणलेली, काचेची, दिव्यांनी उजळलेली. तोवर लिफ्ट म्हणजे चार मिनिटं छताकडे बघत काढायची बंद पेटी होती. पोर्टमनने तिचा तमाशा केला, चांगल्या अर्थाने. आत येणारा रस्ता ठेंगणा होता, त्यामुळे त्याच्या तोंडाशी आलं की वरचं आभाळ एकदम अंगावर यायचं. तिथे नव्या पाहुण्यांच्या तोंडून आपोआप देवाचं नाव निघायचं आणि बेलबॉय मंडळींनी त्या कोपऱ्याचं नावच तसं पाडलं होतं, असं सांगतात.

बोनाव्हेंचर त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी आलं. सामान तेच : पाणी, झाडं, वरून येणारा उजेड, हलत्या लिफ्ट, लटकते सज्जे. स्वयंपाकी तोच, जिन्नस तेच, आणि पदार्थ मात्र वेगळाच झाला.

परिस्थितीही समजून घ्यायला हवी, नाहीतर पोर्टमनवर अन्याय होईल. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकन शहरांचे मध्यभाग रिकामे पडत चालले होते. माणसं उपनगरांत गेली, त्यांच्यामागे दुकानं गेली, संध्याकाळनंतर रस्त्यावर कोणी दिसेना. हॉटेलजवळची बंकर हिल ही टेकडी म्हणजे जुन्या लाकडी घरांची वस्ती. शहर सुधारण्याच्या नावाखाली ती आधीच साफ केली गेली होती. बाहेर रस्ता उरला नाही तर आतच रस्ता बांधू, हे पोर्टमनचं उत्तर होतं. दुकानं आत, बागा आत, तळं आत, फिरायला जिने-सज्जे आत. बाहेरच्या बाजूला काँक्रीटची पाठ. शेजारच्या इमारतींकडे जायला हवेतले पादचारी पूल, म्हणजे पाय जमिनीला लागायलाच नको. लॉबी म्हणजे हॉटेलचा दिवाणखाना ही कल्पना त्याने मोडली आणि लॉबीलाच गाव केलं.

गाव केलं खरं. पण गावाला वेस असते, चावडी असते, कुठल्या तरी वळणावर एखादं वेडंवाकडं झाड असतं.

दारापासून काउंटरपर्यंत

एक पाहुणा धरू. हातात चाकांची बॅग, खांद्यावर दुसरी, प्रवासाने आंबलेला. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत : दार, काउंटर, लिफ्ट, याच क्रमाने. हॉटेलांची लॉबी रुळली तीही याच क्रमाने. बॉस्टनचं १८२९ सालचं ट्रेमाँट हाउस हे आधुनिक हॉटेलांतलं आद्य मानलं जातं, कारण त्याने नोंदणीसाठी वेगळी जागा केली. त्याआधी खानावळीच्या किंवा दारूच्या गुत्त्याच्या कोपऱ्यातच नाव लिहून घ्यायचे. पुढच्या दीडशे वर्षांत हॉटेलं हजार तऱ्हेची झाली, पण दारातून आत आलं की समोर काउंटर दिसला पाहिजे, हा शिरस्ता फारसा कुणी मोडला नाही.

आपला पाहुणा फिगरोआ रस्त्यावर उतरतो. अमेरिकन समीक्षक फ्रेड्रिक जेम्सन यांनी १९८४ मध्ये या इमारतीबद्दल लिहिलं, ते तिथल्या वाटांच्या बारीक नोंदींमुळे अजून वाचलं जातं. त्यांनी टिपलं आहे की जुन्या हॉटेलांना असतं तसं ठसठशीत, छत पुढे काढलेलं, ‘या’ म्हणणारं दार इथे नव्हतं. समोरच्या दाराने आत गेलं की माणूस बॅगांसकट पोचायचा तो दुकानांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सज्ज्यात. तिथून सरकत्या जिन्याने खाली उतरायचं, मग काउंटर. मागच्या, टेकडीच्या बाजूच्या बागांतून आलात तर त्याहून कमाल : तुम्ही मनोऱ्यांच्या सहाव्या मजल्यावर निघायचात आणि लॉबीत जाणारी लिफ्ट सापडण्यासाठी आधी एक मजला पायी उतरायचात.

इथे जरा थांबू या, कारण पहिली मेख इथेच आहे. काउंटरवर पोचण्याआधीच पाहुणा दोनदा वळला आणि एकदा उतरला. वर चढणारा माणूस सहसा दिशा लक्षात ठेवतो, कारण मेहनत पडते. सरकत्या जिन्यावर उभा असलेला माणूस काहीच लक्षात ठेवत नाही. त्याचं डोकं वर गेलेलं असतं, छताकडे, लोंबणाऱ्या सजावटीकडे, समोरून वर चाललेल्या लिफ्टकडे. जिना खाली टेकला की आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूला तोंड करून उभे आहोत, हे त्याला सांगता येत नाही. आणि आता त्याच्या चारी बाजूंना जे आहे ते चारी बाजूंना सारखंच आहे.

खालचा देखावा असा : मधोमध मध्यवर्ती मनोऱ्याचा गाभा, त्याच्याभोवती पाणी. पाण्यातून आणि पाण्याकाठून उठलेले अजस्र गोल काँक्रीटचे खांब, हात लावला तर खरखरीत. त्यांच्यावर सज्ज्यांचे थर, तेही वळणदार. सज्ज्यांतून पुढे काढलेल्या, पाण्यावर तरंगल्यासारख्या वाटणाऱ्या बसायच्या जागा. बारा काचेच्या लिफ्ट या सगळ्यातून वर जातात, छत फोडून मनोऱ्यांच्या बाहेरच्या अंगाने चढतात आणि परतताना पाण्यात पडल्यासारख्या तळाशी येतात. पाण्याचा आवाज सगळीकडून येतो. काँक्रीट तो आवाज शोषत नाही, परत फेकतं. त्यामुळे कानांनाही दिशा सापडत नाही. डोळे फसले तर कान सांगतात, हा एरवीचा आधारही गेला.

फोटोत ही लॉबी विलक्षण दिसते. सिनेमावाल्यांना तर ती इतकी आवडली की तिथल्या लिफ्टमध्ये एकदा घोड्यासकट चित्रण झालं. कॅमेऱ्याला काउंटर शोधायचा नसतो, हे त्याचं सुख.

घोटाळा नेमका कुठे

इमारत ‘कळते’ की नाही हे पाहायला मानसशास्त्र आणि वास्तुशास्त्राच्या सीमेवर काम करणाऱ्या जेराल्ड वाइजमन यांनी १९८१ मध्ये चार कसोट्या मांडल्या. त्या सोप्या आहेत आणि अजून कामाला येतात. जायचं ठिकाण उभ्या जागेवरून दिसतं का? इमारतीचे वेगवेगळे भाग वेगळे दिसतात का? पाट्या आहेत का? आणि आराखडा डोक्यात काढता येईल इतका सरळ आहे का?

पाट्यांकडे नंतर येतो. उरलेल्या तिन्हींत बोनाव्हेंचर नापास आहे. पण तिन्हींचं अपयश सारख्या वजनाचं नाही.

दिसण्याची गोष्ट घ्या. लॉबीत मोकळी जागा प्रचंड असल्याने भ्रम असा होतो की सगळं दिसतंय. प्रत्यक्षात दिसतात ते खांब आणि सज्ज्यांच्या कडा. खांब इतके जाड की त्यांच्याआड आख्खं दुकान लपावं. आणि ज्या खोलीत जायचं आहे ती तर लॉबीतून दिसतच नाही, ती वर मनोऱ्यात आहे. इथे अटलांटाशी तुलना केली की फरक लख्ख होतो. अटलांटाच्या चौकात उभं राहून वर बघा : सज्जे मोजता येतात, दारं दिसतात. ‘ते बघ, अकराव्या मजल्यावर, कोपऱ्यापासून तिसरं’ असं बोट दाखवून सांगता येतं. मुक्कामाचं ठिकाण आणि उभी जागा एकाच नजरेत मावतात. लिफ्टही एकाच जागी एकत्र उभ्या आहेत, त्यामुळे चौकातला तो खांबच खूण होऊन बसतो. बोनाव्हेंचरमध्ये लिफ्ट हीच खूण व्हायला हवी होती, पण ती चहूकडे आहे. जी खूण सगळीकडे असते ती खूणच नव्हे.

मात्र माझ्या मते मुख्य दोष दिसण्यात नाही, सारखेपणात आहे. लुडोचा पट डोळ्यांसमोर आणा. चार घरं, चार वाटा, मध्ये एक चौकोन. आता त्यावरचे रंग पुसून टाका. पट नव्वद अंशांनी फिरवा, पुन्हा फिरवा. तुमचं घर कोणतं? पट तुमच्या समोर सपाट पडलेला असूनही सांगता येणार नाही. बोनाव्हेंचरच्या पाहुण्याला तर पट वरून दिसतही नाही. तो सोंगटी होऊन पटावर उभा आहे.

नकाशाच्या कागदावर चौफेर सममिती सुंदर दिसते. वास्तुरचनाकार कागदाकडे वरून पाहतो आणि कागदावर उत्तर दिशेचा बाण असतो. लॉबीत बाण नसतो. त्यात गोल आकारांची भर. चौकोनी खोलीत भिंतीकडेने चाललात तर कोपरा येतो, अंग वळतं आणि वळल्याची नोंद आपोआप होते. गोल सज्ज्यात चालताना आपण सतत थोडे थोडे वळत असतो. इतके थोडे की सरळ चालल्यासारखं वाटतं. अर्धा फेरा मारून माणूस उलट्या दिशेला तोंड करून उभा राहतो आणि त्याला वाटतं, आपण नुसते पुढे आलो. चकवा तो हाच.

केविन लिंच या नगररचनाकाराने १९६० मध्ये माणसं शहर डोक्यात कसं साठवतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने वाटा, कडा, भाग, नाके आणि ठळक खुणा अशी पाच अंगं काढली. अभ्यासाला घेतलेल्या तीन शहरांत लॉस एंजेलिसही होतं. तिथल्या डाउनटाउनमध्ये लोकांच्या डोक्यात सगळ्यात पक्की बसलेली जागा निघाली पर्शिंग स्क्वेअर, बोनाव्हेंचरपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा. ज्या शहराचे रस्ते एकसारखे आणि पकडायला अवघड म्हणून नोंदले गेले, त्याच शहरात पंधरा-सोळा वर्षांनी त्याहून एकसारखं गाव घराच्या आत बांधलं गेलं, आणि त्यात पर्शिंग स्क्वेअरसारखं काहीच ठेवलं नाही.

दुकानदारांचा ताळेबंद

पाहुणा हरवला तर चिडतो, कोणाला तरी विचारतो आणि खोलीत पोचतो. त्याचं नुकसान दहा मिनिटांचं. खरा फटका बसला तो सज्ज्यांतल्या दुकानदारांना. जेम्सन यांच्या नोंदीनुसार हॉटेल उघडल्यापासूनच हे उघड झालं होतं की दुकानं कुणाला सापडत नाहीत. एकदा नशिबाने सापडलं तरी दुसऱ्यांदा सापडेलच याची खात्री नाही. भाडेकरू हताश झाले आणि माल मिळेल त्या भावात काढायची वेळ आली.

हे मला या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं अंग वाटतं. दुकान चालतं ते पहिल्या गिऱ्हाइकावर नव्हे, परत येणाऱ्यावर आणि त्याने दुसऱ्याला सांगण्यावर. आता सांगून पाहा. ‘लिफ्टपासून डावीकडे’, कोणती लिफ्ट? ‘तळ्याच्या पलीकडे’, तळं तर सगळीकडून पलीकडेच आहे. ‘काउंटरच्या वरच्या सज्ज्यात’, कितव्या? ज्या जागेचा पत्ता तोंडी सांगता येत नाही ती जागा व्यापारासाठी नाही असं समजावं. लॉबीची मांडणी तपासायची तर मी हीच एक कसोटी आधी लावेन : काउंटरवरच्या माणसाने जागेवरून न उठता, एका वाक्यात, हातवारे न करता स्वच्छतागृहाचा रस्ता सांगून दाखवावा.

यात एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. थोडं हरवण्यात मजा असते, जुन्या शहरांच्या गल्ल्यांत माणसं हौसेने हरवतात, मग लॉबीत का नको? फरक एवढाच की गल्लीत हरवणाऱ्याच्या हातात बॅग नसते आणि त्याला रात्री बारा वाजता झोपायचं नसतं. शिवाय गल्लीतला प्रत्येक कोपरा वेगळा असतो, म्हणून हरवलं तरी काहीतरी सापडतं. दुसरं म्हणजे कचेरीत, इस्पितळात, कॉलेजात माणसं आठवडाभरात वाटा शिकतात. आराखडा वाईट असला तरी सवय त्याला सांभाळून घेते. लॉबीला ही मुभा नाही. तिथला वापरणारा जवळजवळ रोज नवा असतो. आज शिकलेला उद्या खोली सोडून जातो आणि त्याच्या जागी दुसरा नवखा बॅग ओढत येतो. सगळ्या सार्वजनिक जागांत पहिल्या नजरेला समजण्याची सगळ्यात जास्त गरज जर कुणाला असेल तर ती लॉबीला.

रंग फासले, पाट्या लावल्या

यावर हॉटेलने काय केलं? मनोऱ्यांना रंग दिले आणि दिशादर्शक पाट्या लावल्या. म्हणजे पुसलेल्या लुडोवर पुन्हा रंग भरले. जेम्सन यांना ही धडपड केविलवाणी वाटली.

मी तितका निष्ठुर होणार नाही. बांधून झालेल्या काँक्रीटच्या बाबतीत हाताशी असलेला तोच एक स्वस्त उपाय होता, आणि काहीच नसण्यापेक्षा तो बरा. अमुक रंगाच्या लिफ्टने जा, असं काउंटरवरून सांगता येऊ लागलं, हे काही थोडं नव्हे. पण पाटीची ताकद किती हे ओळखून असावं. पाटी सांगते ‘काय’. ‘कुठे’ हे सांगायला ती स्वतः नजरेला पडावी लागते, आणि ती पडण्याची जागा म्हणजे पुन्हा तेच खांब, तेच सज्जे. मायकल ओनील यांनी १९९१ मध्ये केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की पाट्यांनी चुका कमी होतात जरूर, पण गुंतागुंतीच्या आराखड्यात पाट्या असूनही माणसं जितकी चुकतात तितकी साध्या आराखड्यात पाट्या नसतानाही चुकत नाहीत. हॉटेलचालकांनी हे वाक्य पाट्यांचं कंत्राट देण्याआधी वाचावं.

जेम्सन यांच्या निदानाशी मात्र माझं जमत नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं की ही नव्या युगाची नवी जागा आहे, आपली शरीरं अजून तिला सरावलेली नाहीत, हा गोंधळ म्हणजे त्या युगाचंच लक्षण. वाचायला हे भारदस्त वाटतं. पण मग अटलांटा? तोच रचनाकार, तीच काच, तेच सज्जे, त्याच अर्थव्यवस्थेतलं तेच धंदेवाईक हॉटेल, आणि तिथे पाहुणा चौकात पाऊल टाकताच सगळी इमारत ओळखतो. युग दोन्हीकडे एकच होतं. वेगळा होता तो आराखडा. साध्या चुकीला मोठं नाव दिलं की ती दुरुस्त करायची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

डेट्रॉइटची जोड

याच घराण्यातलं एक भावंड पुढे ऑपरेशन टेबलावर गेलं, म्हणून त्याचा उल्लेख करायलाच हवा. डेट्रॉइटचं रेनेसान्स सेंटर, उद्घाटन १९७७. पोर्टमनचंच. मध्ये ७३ मजल्यांचा गोल हॉटेल-मनोरा आणि भोवती ३९ मजल्यांचे चार कचेऱ्यांचे मनोरे, म्हणजे बोनाव्हेंचरचीच थोरली आवृत्ती, चकव्यासकट. रस्त्याच्या बाजूला तर तटबंदीसारखे काँक्रीटचे उंचवटे होते.

जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ही वास्तू विकत घेतली आणि नंतरच्या नूतनीकरणात दोन गोष्टी केल्या. रस्त्याकडचे उंचवटे काढून टाकले. आणि आत, मनोऱ्यांना जोडत, काचेचा एक गोलाकार उजळ मार्ग फिरवला. हा उपाय पाट्यांच्या जातीचा नाही. तो थेट आराखड्यात हात घालतो. आधी चार दिशांना जाणाऱ्या अनेक सारख्या वाटा होत्या, आता सगळं ज्याला चिकटलेलं आहे अशी एक मुख्य वाट मिळाली. ‘या वाटेवर या आणि फिरत राहा, तुमचा मनोरा लागेल’ हे एका वाक्यात सांगता येतं. सममिती गेली नाही, पण तिच्या उरावर एक रस्ता बसला. नदीच्या बाजूला काचेचं दालन झालं आणि पाणी दिसू लागलं. एकीकडे नदी, दुसरीकडे रस्ता, म्हणजे चारांपैकी दोन बाजू तरी आता एकमेकींसारख्या राहिल्या नाहीत.

बोनाव्हेंचरमध्ये असं काय करता आलं असतं? पाणी चारही बाजूंना न ठेवता एकाच बाजूला ठेवायचं होतं. रस्त्याकडची एक भिंत काचेची करून बाहेरची रहदारी आत दिसू द्यायची होती. त्या एका उघड्या बाजूने तास आणि दिशा दोन्ही कळले असते, कारण दुपारचं ऊन तिथूनच आलं असतं. चारांपैकी एका मनोऱ्याखाली फरशी बदलायची, एखादं अवाढव्य शिल्प मध्यावर न ठेवता मुद्दाम बाजूला ठेवायचं. यातलं काहीही महाग नव्हतं, पण प्रत्येकाने तो सुंदर आराखडा बिघडला असता. पोर्टमनने आराखडा वाचवला.

गंमत अशी की या हॉटेलात माणसाला आपण कुठे आहोत हे स्वच्छ समजतं, अशी एक जागा आहे. लिफ्ट. ती लॉबीचं छत पार करून बाहेर निघते आणि काचेपलीकडे एकदम शहर उलगडतं. हमरस्ता पश्चिमेला, टेकडी मागे, आपण ज्या रस्त्याने आलो तो खाली, गाड्या काडेपेट्यांएवढ्या. आख्ख्या मुक्कामात पहिल्यांदाच उजवं-डावं जागेवर येतं. माथ्यावर तर फिरतं मद्यगृह आहे, तिथे बसलं की शहरच सावकाश भोवती फिरतं. मग केव्हातरी खाली यायचं. शहर वर सरकत जातं, छताची काच येते, पाणी जवळ येतं, दार उघडतं. समोर खांब, खांबाआड खांब. पाहुणा दोन पावलं पुढे टाकतो, थबकतो आणि मान वर करून रंगाची पाटी शोधू लागतो.